बोर्दोची ग्राँ क्रू क्लासे: बाटली निवडण्यापासून पेल्यात ओतेपर्यंत

कुणीतरी परदेशातून येताना फ्रान्समधल्या बोर्दो प्रदेशाच्या वाइनची भारी बाटली आणतं. ती वर्षभर शोकेसमध्ये उभी राहते. मग लग्नाच्या वाढदिवसाला बूच निघतं, तीस अंशांच्या खोलीत वाइन पाण्याच्या ग्लासात ओतली जाते, ताटात तांबडा रस्सा असतो, आणि निकाल लागतो: "एवढे पैसे मोजले आणि नुसती तुरट!"

यात वाइनचा दोष क्वचितच असतो. बोर्दोच्या मेदॉक भागातली वर्गीकृत (म्हणजे अधिकृत श्रेणी मिळालेली, "ग्राँ क्रू क्लासे") लाल वाइन मुळातच कडक अंगाची. काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाचं भक्कम टॅनिन (तोंड तुरट करणारं द्रव्य), ठसठशीत आंबटी, २२५ लिटरच्या ओक पिंपात साधारण दीड वर्ष मुरणं आणि नंतर बाटलीत वर्षानुवर्षं सावकाश मोकळं होणं, हा तिचा स्वभाव. वय, तापमान आणि हवा या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ती खुलते. म्हणून खालच्या पायऱ्या क्रमानेच करा. लेख १८५५ साली लावलेल्या श्रेणींच्या यादीतल्या लाल वाइनपुरता आहे. बोर्दोच्या बाकीच्या याद्यांचा उल्लेख फक्त गोंधळ टाळण्यासाठी येईल.

## १. लेबलवर काय शोधायचं

शोधायचे शब्द: "ग्राँ क्रू क्लासे आँ १८५५". या यादीत आज ६१ शातो (स्वतःचे द्राक्षमळे असलेली वाइनची घराणी) आहेत, पाच श्रेणींत विभागलेले. पहिल्या श्रेणीत लाफित, लातूर, मार्गो, ओ-ब्रियों आणि मूतों रोथशिल्ड हे पाच. यातला ओ-ब्रियों तेवढा मेदॉकबाहेरचा, ग्राव्ह भागातला. खालच्या श्रेणींतले बहुतेक शातो आपला क्रमांक लेबलवर छापत नाहीत, नुसतं "ग्राँ क्रू क्लासे" लिहितात. त्यामुळे शातोचं नाव यादीत ताडून पाहावं लागतं.

आता सापळे.

"ग्राँ व्हँ द बोर्दो" हे शब्द सोनेरी अक्षरांत दिसले की लोक भुलतात. त्यांचा श्रेणीशी काहीही संबंध नाही. यादीबाहेरच्या साध्या बाटलीवरही ते असतात.

दुसऱ्या श्रेणीचा शातो आणि एखाद्या शातोची दुसरी वाइन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेओव्हिल बार्तों हा दुसऱ्या श्रेणीचा शातो. कारुआद द लाफित ही मात्र लाफितची दुसरी वाइन, म्हणजे मुख्य मिश्रणात न घेतलेल्या पिंपांतून बनवलेली. ती चांगली असू शकते, लवकर पिण्याजोगीही असते, पण वर्गीकृत नसते.

"सँ-एमिलियों ग्राँ क्रू" हे फक्त भौगोलिक नाव आहे. त्यापुढे "क्लासे" असेल तरच ती वर्गीकृत, आणि तीही वेगळ्या यादीतली. ती यादी १९५५ पासूनची, वेळोवेळी बदलणारी. ताजी २०२२ ची. "क्रू बुर्ज्वा" ही मेदॉकच्याच, पण १८५५ च्या यादीबाहेरच्या शातोंची, तिसरीच भानगड. बोर्दोतल्याच पोमरोल भागाला तर अधिकृत श्रेणीच नाही, त्यामुळे पेत्रूससारखी महागडी बाटलीही वर्गीकृत नाही. आणि विमानतळावर सर्रास दिसणारी मूतों कादे ही मूतों रोथशिल्ड नव्हे. घराणं एक, पण ती मोठ्या प्रमाणावर निघणारी साधी बोर्दो आहे.

तपासा: गावाचं किंवा भागाचं नाव (पोयाक, सँ-ज्युलियाँ, मार्गो, सँ-एस्तेफ किंवा ओ-मेदॉक; ओ-ब्रियोंवर पेसाक-लेओन्याँ), पिकाचं वर्ष आणि बाटली शातोमध्येच भरल्याचा उल्लेख, "मी आँ बुतेय ओ शातो". हे तिन्ही असायलाच हवं.

सावधान: श्रेणीवरून दर्जा ठरवू नका. १८५५ मध्ये दलालांनी तेव्हाच्या बाजारभावांवरून क्रम लावला. त्यानंतर १८५६ मध्ये कांतमेर्लची भर पडली आणि १९७३ मध्ये मूतों रोथशिल्डला पहिल्या श्रेणीत बढती मिळाली. एवढे दोनच ठळक बदल. श्रेणी शातोच्या नावाला आहे, जमिनीच्या तुकड्याला नाही. मालकाने त्याच भागात नवे मळे घेतले तरी श्रेणी कायम राहते. म्हणून तिसऱ्या श्रेणीतला पामेर आणि पाचव्या श्रेणीतला लँश-बाज दुसऱ्या श्रेणीतल्या कित्येकांपेक्षा महाग विकले जातात. बाजाराला हे कळतं, आपणच आकड्यात अडकतो.

## २. गाव निवडा

शातोच्या नावापेक्षा गावावरून वाइनचा अंदाज लवकर येतो.

पोयाकच्या जाड खडीवर काबर्ने सोव्हिन्यों उत्तम पिकतं. तिथली वाइन काळ्या करंट या फळाचा वास, शिसपेन्सिल, देवदाराचं लाकूड आणि ताठ टॅनिन घेऊन येते. मेदॉक म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं ते हेच. पण तरुणपणी ती अजिबात लाड करून घेत नाही. सँ-एस्तेफमध्ये चिकणमाती जास्त. वाइन दणकट, मोकळी व्हायला आणखी वेळ घेणारी. मार्गोची वाइन वासाला आधी जिंकते, फुलांकडे झुकणारी, तोंडात जरा नाजूक. सँ-ज्युलियाँ या सगळ्यांच्या मधोमध: पोयाकचा कणा, पण कडे घासून गुळगुळीत केलेले.

पहिल्यांदाच घेत असाल तर सँ-ज्युलियाँ घ्या. सगळ्यात कमी निराशा तिथे होते. ओ-मेदॉकमधले ला लागून किंवा कांतमेर्ल हे खिशाला त्या मानाने सोसवणारे, आणि तेही यादीतलेच.

## ३. वर्ष निवडा: सगळ्यात मोठी चूक इथे होते

लोक "मोठं वर्ष" शोधून काढतात, पैसे मोजतात आणि त्याच आठवड्यात बाटली उघडतात. मोठं वर्ष म्हणजे पिकलेली द्राक्षं, भरपूर टॅनिन, दीर्घ आयुष्य. अर्थात थांबायची तयारी. २०१६, २०१८, २०१९, २०२० आणि २०२२ ही नावाजलेली वर्षं, पण यातल्या नामांकित शातोची बाटली आज उघडणं म्हणजे कैरीच्या दिवसांत हापूसची चव शोधणं.

याच महिन्यात प्यायची असेल तर मधल्या वर्षांकडे वळा: २०१२, २०१४, २०१७. टीकाकारांनी यांना डोक्यावर घेतलं नाही, म्हणून भावही त्या मानाने कमी. ही वर्षं लवकर मोकळी होतात. २०१७ मध्ये एप्रिलमधल्या गोठवणाऱ्या थंडीने बोर्दोच्या बऱ्याच मळ्यांचं नुकसान झालं, पण नदीकाठच्या नावाजलेल्या शातोंपैकी अनेक जण त्यातून वाचले. २००९ पिकलेलं, मोकळ्या मनाचं वर्ष. पैसे असतील तर आज प्यायला सुरेख. २०१० त्याच्या उलट, ताठ आणि हट्टी. २०१३ सोडून द्या; हवामानाने त्या वर्षी पार दगा दिला.

ढोबळ हिशेब असा: मधल्या वर्षाची बाटली पिकानंतर आठ-दहा वर्षांनी, चांगल्या वर्षाची बारा-पंधरा वर्षांनी, पहिल्या श्रेणीची वीस वर्षांनी. हे आकडे ७५० मिलिच्या बाटलीचे. दीड लिटरची मॅग्नम याहून सावकाश पिकते, ३७५ मिलिची अर्धी बाटली लवकर. दोघांसाठी अर्धी बाटली हा फार शहाणपणाचा सौदा आहे, पण दुकानदाराकडे मागितल्याशिवाय ती दिसत नाही.

सावधान: "जुनी तेवढी चांगली" हे खरं नाही. दुबळ्या वर्षाची, वाईट ठेवलेली पंचवीस वर्षांची बाटली म्हणजे तपकिरी आंबट पाणी.

## ४. बाटली हातात घेऊन पाहा

वाइन कुठवर भरलेली आहे ते उजेडात बघा. दहा-पंधरा वर्षांच्या बाटलीत ती मानेतच असायला हवी. तीस वर्षांच्या बाटलीत ती खांद्याच्या वरच्या कडेपर्यंत उतरलेली चालते. तरुण बाटलीत ती खांद्यापर्यंत गेली असेल तर बूच कुठेतरी गळतंय.

वरचं आवरण बोटांनी हलकेच फिरवून पाहा. चिकट डाग, आवरणावर ओघळ, किंवा तोंडातून वर आलेलं बूच ही उष्णतेची खूण. तापलेली वाइन फुगते आणि बूच ढकलते. दुकानाच्या काचेत दिव्याखाली उभी असलेली बाटली कितीही सवलतीत मिळाली तरी घेऊ नका. आतल्या कपाटातली मागा.

परदेशातून भारतात आणताना करमुक्त मर्यादा माणशी दोन लिटर मद्याची आहे, म्हणजे ७५० मिलिच्या दोनच बाटल्या. तिसरी घेतलीत की हिशेब बिघडला. आणि विमानतळावरून निघाल्यावर जेवायला थांबणार असाल तर बाटल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात बंद डिकीत दोन तास हे वीस वर्षांच्या काळजीवर पाणी फिरवायला पुरेसे असतात.

घरी आल्यावर दोन आठवडे तिला हात लावू नका. जुन्या बाटलीत साका ढवळलेला असतो, तो बसायला वेळ लागतो.

## ५. घरात कुठे ठेवायची

आदर्श जागा: १२ ते १४ अंश, अंधार, साठ-सत्तर टक्के आर्द्रता, हादरे नाहीत, बाटली आडवी. बूच ओलं राहावं म्हणून आडवी.

पुण्या-मुंबईच्या, नागपूरच्या घरात अशी जागा नसते. मग काय करायचं? वाइनचा छोटा फ्रिज असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर घरच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून, आडवी ठेवा. जाणकार नाक मुरडतील, कारण घरचा फ्रिज फार थंड आणि कोरडा असतो, बूच आक्रसू शकतं. वर्षानुवर्षांसाठी ते खरंच वाईट. पण काही महिन्यांसाठी तो ओट्याखालच्या बत्तीस अंशांच्या कपाटापेक्षा कितीतरी बरा. एसीची खोलीही फसवी: रात्री २४ अंश, दिवसा ३३. रोजचा हा चढउतार स्थिर उष्णतेपेक्षा कमी नुकसान करत नाही.

दहा वर्षं मुरवायची म्हणून तरुण बाटली घेणार असाल आणि घरी वाइनचा फ्रिज नसेल, तर घेऊच नका. पिकलेलीच घ्या, जास्त पैसे देऊन.

## ६. आदल्या दिवशी: उभी करा

दहा वर्षांपेक्षा जुनी बाटली उघडण्याआधी निदान २४ तास, शक्यतो ४८ तास उभी ठेवा. टॅनिन आणि रंगद्रव्य एकत्र येऊन तयार झालेला साका तळाशी बसू द्या. तो निरुपद्रवी असतो, पण पेल्यात आला की चव कडवट आणि भुकटीसारखी लागते. पाच वर्षांच्या बाटलीला ही पायरी लागत नाही.

## ७. तापमान

"रूम टेंपरेचरला प्या" हा सल्ला थंड देशातल्या, हीटर नसलेल्या जुन्या घरांचा. आपल्याला पेल्यात १६ ते १८ अंश हवेत. वीसच्या वर गेलं की अल्कोहोल नाकात चढतं आणि फळाचा वास शिजल्यासारखा होतो. चौदाच्या खाली गेलं की टॅनिन जास्त कडक लागतं आणि वास मिटतो.

खोलीतली तीस अंशांची बाटली फ्रिजमध्ये सुमारे दीड तास ठेवली तर जवळपास तिथे पोचते. घाई असेल तर बर्फ आणि पाणी अर्धं-अर्धं घातलेल्या बादलीत दहा-बारा मिनिटं. नुसत्या बर्फात नको, पाण्यामुळेच थंडावा काचेला भिडतो. जुनी बाटली मात्र उभीच आणि न हलवता थंड करायची. स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर असेल तर पहिल्या घोटाला लावा. सरळ पंधरावर ओता, पेल्यात ती आपोआप सतरावर येते.

## ८. बूच काढणं

वरचं आवरण बाटलीच्या ओठाच्या खालच्या कडेखाली कापा, म्हणजे ओतताना वाइन त्याला लागणार नाही. तोंड ओल्या फडक्याने पुसा. बुचाभोवती काळी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती बाहेरची असते.

वेटर वापरतात तो दुहेरी टेकूचा साधा कॉर्कस्क्रू उत्तम. स्क्रू मधोमध, सरळ आत, शेवटचा एक वेढा बाहेर ठेवून. बुचाच्या आरपार गेला तर तुकडे वाइनमध्ये पडतात. वीस वर्षांच्या पुढच्या बाटलीला दोन पात्यांचा बूचकाढ्या वापरा. पाती बुचाच्या दोन्ही बाजूंनी डुलवत आत सरकवायची आणि फिरवत वर ओढायचं. त्याने भुसभुशीत बूचही अखंड येतं.

बूच तुटलंच तर उरलेल्यात स्क्रू तिरका घालून पुन्हा प्रयत्न करा. तेही जमलं नाही तर आत ढकला आणि बारीक गाळणीतून ओता.

सावधान: रोजच्या चहाची गाळणी वापरू नका. आलं-वेलचीचा वास त्या जाळीतून कधीच जात नाही. उकळून वाळवलेलं, साबणाचा वास नसलेलं मलमल जास्त बरं.

## ९. आधी वास, मगच डिकँटर

ही पायरी लोक हमखास गाळतात. डिकँटरमध्ये (वाइन ओतून ठेवायच्या रुंद काचेच्या भांड्यात) ओतण्यापूर्वी दोन चमचे पेल्यात घ्या, हुंगा, चाखा.

पावसाळ्यात ओल धरलेल्या पुठ्ठ्याचा वास आला आणि फळाचा वास जवळजवळ नाहीच, तर बुचातल्या टीसीए या रसायनाने वाइन बिघडली आहे. हवेने ती सुधारत नाही, उलट वास वाढतो. दुकानाला परत करण्याजोगी ही खरी खोट आहे. बाटली आणि बूच दोन्ही जपून ठेवा. शिजलेल्या मनुकांचा जड वास आणि तोंडात सपाट चव म्हणजे कुठेतरी उष्णता लागलेली. याउलट उघडताक्षणी विझलेल्या काडीचा किंवा किंचित अंड्यासारखा वास आला तर थांबा, तो बहुधा अर्ध्या तासात उडून जातो. थोडा चामड्याचा, तबेल्याचा वास काही जुन्या बाटल्यांत येतो. काहींना तो आवडतो, मला थोडाच.

आता वयानुसार दोन रस्ते.

बारा वर्षांच्या आतली वाइन धसमुसळेपणाने ओता. तिला हवा हवी आहे. दीड ते तीन तास द्या. नुसतं बूच काढून बाटली उघडी ठेवण्याने काहीच होत नाही. मानेतल्या रुपयाएवढ्या पृष्ठभागातून हवा ती किती जाणार?

वीस वर्षांच्या पुढची वाइन फक्त साका वेगळा करण्यासाठी ओता, तीही जेवायच्या तोंडावर. मानेखाली मोबाइलचा टॉर्च ठेवा, एकाच संथ धारेत, मध्ये न थांबता. साक्याची धुरकट रेघ खांद्याशी आली की थांबा. तळाची दोन-तीन चमचे वाइन सोडून द्यायची, कंजूषपणा करायचा नाही. इतक्या जुन्या वाइनचा सुगंध तासा-दोन तासांत विरून जाऊ शकतो.

तपासा: डिकँटर कुठे ठेवलाय? तीस अंशांच्या दिवाणखान्यात दोन तास ठेवलेली वाइन तीस अंशांवरच जाते, आणि सातवी पायरी फुकट. गार पाणी घातलेल्या पातेल्यात डिकँटर बसवा, दोन-चार बर्फाचे खडे अधूनमधून टाका. किंवा ओतून झाल्यावर बाटली थंड पाण्याने विसळून, नीट निथळून, वाइन परत तिच्यातच भरा आणि बाटली पाण्यात ठेवा. पाहुण्यांना लेबलही दिसतं.

## १०. पेला आणि चाखणं

वर निमुळता, पोट मोठं, पातळ काच. एक तृतीयांशच भरा. कपाटात ठेवलेल्या पेल्यांना लाकडाचा, डांबरगोळीचा, साबणाचा वास असतो. आधी रिकामा पेला हुंगा, गरम पाण्याने धुवा, मग थोड्या वाइनने विसळा.

पांढऱ्या कागदावर पेला तिरका करून कडेचा रंग पाहा. जांभळट म्हणजे तरुण. माणकासारखा लाल म्हणजे वयात आलेली. विटकरी म्हणजे पिकलेली. संपूर्ण तपकिरी झाली असेल तर उशीर झाला.

पहिला वास पेला न हलवता घ्या, मग फिरवून. काळा करंट, देवदार, शिसपेन्सिल, न जाळलेला तंबाखू, आणि वयानुसार ओली पानं, चामडं, सुकं अंजीर. हे सगळं एका बाटलीत सापडणार नाही. दोन-तीन स्पष्ट सापडले तरी पुरे.

तोंडात घेतल्यावर तीन गोष्टी तपासा. हिरड्यांवर बसणारा तुरटपणा बारीक, मखमली आहे की खरखरीत? लाळ सुटते का, म्हणजे आंबटी जिवंत आहे का? आणि गिळल्यावर चव किती वेळ टिकते? साधी वाइन गिळताच संपते. चांगली वर्गीकृत वाइन गिळल्यावरही बराच वेळ तोंडात फिरत राहते, आणि तिचा जीव पहिल्या घोटात नसतो. पहिला पेला, एक तासाने दुसरा, आणखी अर्ध्या तासाने तिसरा. दर वेळी वास वेगळा येतो. हेच या वाइनचं आकर्षण, आणि म्हणूनच चौघांनी अर्ध्या तासात बाटली संपवणं हा तिचा अपमान. दारूचा दणका किंवा फळांचा गोडवा हवा असेल तर तुमचे पैसे दुसरीकडे जास्त चांगले खर्च होतील.

सावधान: दोन बाटल्या असतील तर तरुण आधी, जुनी नंतर. उलट केलंत तर जुनीच्या नजाकतीनंतर तरुण वाइन नुसती रानटी लागेल.

## ११. ताटात काय

पोयाकमध्ये या वाइनबरोबर कोवळ्या मेंढीची भाजलेली तंगडी खातात. मटणातली चरबी आणि प्रथिनं टॅनिनला आवरतात. आपल्याकडे तेच तत्त्व पाळा: मिरी, लसूण, मीठ लावून मंद आचेवर भाजलेलं मटण, तूप-कांद्यात परतलेले मशरूम, मुरलेलं कडक चीज.

तांबडा रस्सा, ठेचा, मालवणी मसाला नको. तिखट टॅनिनला धार लावतं आणि अल्कोहोल जाळतं. मासेही नकोत, टॅनिनच्या वाइनबरोबर सुरमई धातूसारखी लागते. शेवटी श्रीखंड किंवा पुरणपोळी असेल तर त्याआधी पेला संपवा, गोडापुढे ही वाइन एकदम आंबट आणि पातळ वाटते.

## १२. उरली तर

तरुण वाइन छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. कधी कधी दुसऱ्या दिवशी ती जास्त चांगली लागते. तसं झालं तर त्या वर्षाला अजून थांबायला हवं होतं, एवढं लेबलच्या मागे लिहून ठेवा, पुढच्या खरेदीला उपयोगी पडतं. वीस वर्षांची बाटली उरवू नका. उरलीच तर दुसऱ्या दिवशी मटणाच्या रशात घाला.